सात नंबरचं गाणं

६ जानेवारी

सकाळी सम्यका माझा जुना रेकॉर्डर घेऊन गेली. हळद पॉलिश करायच्या ढोलाचा आवाज पाहिजे होता म्हणे. दुपारी आली ती केसांपासून चपलांपर्यंत पिवळी. शोभा म्हणाली, "अहो, पोरीला हळद लागली आणि आपल्याला साधी पत्रिकाही नाही." सम्यकाच्या कानात हेडफोन, तिनं काही ऐकलं नाही.

अल्बमचं नाव ठरलं: 'खाली ट्रॉली'. आठ गाणी. गाणी म्हणजे… असो. मी विचारलं, हेच नाव का? म्हणाली, "भरलेली ट्रॉली गप जाते पप्पा. वाजते ती रिकामी."

उद्याच्या पेपरचं पान वेळेत गेलं.

९ जाने.

अर्जुन जेवायला होता. अर्जुन राठोड, औंढ्याच्या बाजूच्या तांड्यावरचा. सम्यकाबरोबर नांदेडला कॉलेजात होता. सीझनला उसाचा ट्रॅक्टर चालवतो, आणि कारखान्याच्या यार्डात नंबर लागेपर्यंत केबिनमध्ये बसून लॅपटॉपवर बीट बनवतो. शब्द दोघांचे, आवाज दोघांचा. लाजाळू आहे, पण माइकसमोर वेगळाच माणूस.

चार नंबरचं गाणं ऐकवलं. त्यात शब्दच नाहीत. सुरुवातीपासून शेवटपर्यंत ट्रॉलीच्या हुकाची खडखड, मधे एकदा कारखान्याचा भोंगा. मी म्हणालो, याला गाणं म्हणायचं?

अर्जुन : "काका, तुमी पेपरात फोटो छापता, त्याला बातमी म्हणता का न्हाई?"

बरं बोलला.

१४ जाने.

नामविस्तार दिनाच्या बातम्या, पान भरगच्च. तीन बातम्या उद्यावर ढकलल्या. शेजारून तिळगूळ आला.

रात्री जेवताना सम्यकानं अल्बम कसा काढणार ते सांगितलं. यूट्यूबवर नाही. नेटवर कुठंच नाही. पेनड्राइव्हवर घालून उसाच्या ट्रॅक्टरवाल्यांना द्यायचा. प्रत्येक ट्रॅक्टरला हे मोठाले साउंड बॉक्स असतात, दिवसभर रस्त्यानं वाजत जातात. रस्त्यावर उभ्या माणसाला फक्त तुकडा ऐकू येणार, ट्रॅक्टर येईपासून पुढं जाईपर्यंत. पुढचा तुकडा दुसऱ्या ट्रॅक्टरवरून, दुसऱ्या दिवशी. सगळी गाणी त्या हिशोबानंच केलीत, कुठूनही ऐका.

"पण पूर्ण कोण ऐकणार?"

"ड्रायव्हर. आणि ज्याला पाहिजे तो ट्रॅक्टरमागं पळंल."

शोभा : "मी न्हाई पळणार बाई, माझे गुडघे."

तीस वर्षं बातमी लवकरात लवकर जास्तीत जास्त लोकांपर्यंत कशी जाईल हेच पाहत आलो. पोरगी बरोबर उलटं करायला निघाली आहे. मला आवडलं. तिला सांगितलं नाही.

१७ जाने.

सात नंबर ऐकलं. आधी नुसता एका बाईचा आवाज. रडते आहे की गाते आहे कळत नाही. दोन्ही. श्वास तुटतो, तिथून सूर वर जातो. मग खालून ढोलाची घरघर आणि अर्जुनचे शब्द. तो एक ओळ म्हणतो, थांबतो, ती पुढं. जणू दोघं एकमेकांशी बोलताहेत. संपल्यावर शोभा उठून आत गेली.

दोघांचंही गोरमाटी बोलीतलं आहे, बंजाऱ्यांची, त्यांच्या घरातली भाषा. नवरी सासरी निघताना, घरातल्या घरात, माहेरच्या एकेकाच्या गळ्यात पडून रडत गाते, ते. ढावलो म्हणतात. आवाज अर्जुनच्या बहिणीचा, कविताचा. दोन वर्षांपूर्वी तिच्या लग्नात यानं मोबाईलवर घेतला होता.

मी सवयीनं विचारलं, काय म्हणते ती?

अर्जुन : "ते… नेहमीचंच असतं काका. आईबापाला सोडून चालले वगैरे."

सम्यकाकडं बघितलं. ती म्हणाली, शब्द कशाला पाहिजेत, आवाजातच सगळं आहे.

मला ते 'वगैरे' खटकलं. बातमीत वार्ताहरानं 'वगैरे' लिहिलं की मी फोन करतोच.

२० जाने.

आज अर्जुनला स्वयंपाकघरात बसवून विचारलं. सम्यका होती, शोभा भाकरी करत होती. पहिल्यांदा आढेवेढे. मग एकेक ओळ मराठीत सांगितली, मान खाली घालून.

कविता बापाला म्हणते : बा, माझी पुस्तकं तू माळ्यावर टाकलीस, मला बारावीतून उठवलंस. भावाला म्हणते : तू शहरात शिकलास, तुला बोलता येत होतं, तू उभा राहून बघितलंस. आणि नवऱ्याबद्दल : नववी नापासाच्या हाती मला दिली, त्याला माझं नाव तरी लिहिता येतं का, विचार.

तव्यावरची भाकरी करपली. 

मग सम्यका : "तू मला सांगितलं काहून न्हाई? मी चार महिने ते कापून, जोडून राहिले!"

अर्जुन : "तू इचारलंच न्हाई."

खरं होतं. 

मी विचारलं, कविताला विचारलंय का. नाही. तिचं सासर जवळा बाजारच्या पुढच्या तांड्यावर, रस्त्याला लागून. सगळी गोरमाटी माणसं. आपल्याला ते नुसतं रडणं वाटेल, त्यांना शब्द न् शब्द कळेल. सासूला कळेल. नवऱ्याला कळेल.

ठरलं : तिला विचारल्याशिवाय सात नंबर बाहेर जाणार नाही. अर्जुन रविवारी जाऊन विचारणार. सम्यका म्हणाली, ती नको म्हणाली तर काढून टाकू. हे म्हणताना चेहरा असा, जणू अल्बमचा एक पायच कापायचाय. ते गाणं गेलं तर बाकीची सात उभी राहणार नाहीत, एवढं मलाही कळतं. पण पोरीचा संसार आहे तो.

२४ जाने.

अर्जुन गेला नाही. यार्डात नंबर होता, ट्रॅक्टर सोडता येईना म्हणाला. मला वाटतं, भीती. बहिणीसमोर त्या ओळी घेऊन जायचं म्हणजे… 

२६ जाने.

वर्षातून थोडेच दिवस असे, उद्या अंक नाही. सकाळी ध्वजवंदन करून चौकातल्या हॉटेलात चहाला बसलो. रस्त्यानं उसाचा ट्रॅक्टर आला. लांबून ढोलाची घरघर ऐकू आली, वाटलं हळदीचा कारखाना. जवळ आल्यावर बाईचा आवाज.  कविता. भर चौकात.

ड्रायव्हर अनोळखी. ट्रॅक्टर न थांबता कारखान्याकडं निघून गेला.

घरी आलो तर सम्यकाला आधीच कळलेलं. झालं असं : अर्जुननं परवा ट्रॉलीवर आवाज कसा येतो बघायला म्हणून पेनड्राइव्ह शेजारच्या ट्रॅक्टरला लावला. थकलेला, तिथंच झोपला. शेजारचा ड्रायव्हर तो पेनड्राइव्ह घेऊन यार्डाच्या गेटवरच्या मोबाईलच्या दुकानात गेला. तिथं पाटीच आहे, 'गाणे भरून मिळतील'. दुकानवाल्यानं आठही गाणी आपल्या कॉम्प्युटरवर घेतली, आणि त्यानंतर जो ड्रायव्हर आला त्याला नवीन माल म्हणून भरून दिली.

अल्बम निघाला. उद्घाटन ना समारंभ.

सम्यका दिवसभर गच्चीवर.

२७ जाने.

सम्यकाला घेऊन दुकानात गेलो. दुकानवाला इरफान, माझ्या ओळखीचा, त्याच्या वडलांची बातमी मी केली होती कधीतरी. सगळं ऐकून घेतलं, त्याच्या कॉम्प्युटरवरून सात नंबर आमच्यासमोर काढून टाकलं. पुढं म्हणाला :

"पर सर, जो गये वो किधर ढूँढू? ट्रॅक्टरवाले पत्ता देके जाते क्या?"

काही इलाज नाही. निघताना म्हणाला, गाणी चांगली आहेत, पण चार नंबरचा घोटाळा आहे. ड्रायव्हर शिव्या देऊन राहिले. का? तर ट्रॉलीची खडखड ऐकली की गाडी बाजूला घेतात, उतरून हुक बघतात. हुक ठीक. परत बसतात, परत खडखड. एक जण तर पिन बदलून आला.

सम्यका कालपासून पहिल्यांदा हसली. हसता हसताच डोळे पुसले. अर्जुनचा फोन दिवसभर बंद.

३० जाने.

अर्जुन आला. दाढी वाढलेली. म्हणाला, बहिणीला फोन लावतो, रिंग जायच्या आत कट करतो. सम्यका त्याच्यावर ओरडली नाही, मला वाटलं होतं ओरडेल. म्हणाली, "चूक दोघांची हाय. मी इचारलं न्हाई, तू सांगितलं न्हाई. आता तिचं ती बोलंल, आपण ऐकू."

माझ्या मनात आलं होतं, या अनुभवावर रविवार पुरवणीत एक लेख होईल. शीर्षकही सुचलं होतं. शोभाला बोलून दाखवलं. ती फक्त बघत राहिली माझ्याकडं. बरं, नाही.

२ फेब्रुवारी

अर्जुनची आई वसमतला बाजाराला आली होती, तशीच घरी आली. त्यांच्यात आईला याडी म्हणतात, आम्हीही तेच म्हणतो. पन्नाशीची बाई, ताठ.  शोभानं चहा ठेवला. याडीनं आधी पिशवीतून हरभऱ्याची भाजी काढून शोभाला दिली.

मग म्हणाली, "ढावल्यातलं बोलणं धरून ठेवायचं नसतं, साहेब. पोरगी त्या दिशी काय बी बोलती. बापाला बोलती, भावाला बोलती. ते तिथंच सांडायचं. दुसऱ्या दिशी कुणी काढीत न्हाई. म्हणून तर तिला बोलता येतं."

मी मान हलवली.  इतकी वर्षं लोकांचं बोलणं धरून ठेवण्याचाच धंदा केला.

सम्यकानं हळूच विचारलं, तुम्हाला ऐकायचंय का. वाटलं, नाही म्हणतील. बाई म्हणाली, "लाव."

पूर्ण ऐकलं. पदर तोंडाला. संपल्यावर एवढंच :

"मधी अर्जुनचा आवाज काहून?"

"तो तिला उत्तर देतोय याडी."

"आता?"

एवढंच. पिशवी उचलली, बसला गेली. जाताना शोभाला म्हणाली, भाजीत लसूण जास्त घाल.

४ फेब्रु.

कविताचा फोन. अर्जुनला नाही, सम्यकाला. सम्यकानं स्पीकरवर टाकला, मी दारात उभा. आवाज शांत, गाण्यातला वाटेचना.

"ताई, माझा आवाज रोडनं चाललाय."

सम्यका माफी मागायला लागली. ती म्हणाली, "थांबा, आधी ऐका." सांगितलं ते असं : ट्रॅक्टर त्यांच्या तांड्यासमोरून जातो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती अंगणात भांडी घासत होती, ती तशीच टाकून आत गेली. पण सासू उठून रस्त्यावर गेली. दुसऱ्या दिवशी पण. आता रोज त्या वेळेला सासू रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहते. आल्यावर म्हणते, कुणाची लेक असंल गं, आपल्यातलीच हाय, माझ्यासारखंच रडती. सासूच्या ढावल्यातही बापाला असंच काही होतं म्हणे. तिनं ते आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, सुनेला सांगितलं.

"मग तू काय म्हणालीस?"

"काय म्हणू? गप बसले."

सासूला तुकडाच ऐकू येतो, बापाचा. नवऱ्याची ओळ अजून तिच्या वाट्याला आली नाही. ट्रॅक्टरचा वेग मेहरबान.

नवरा, दिलीप, हळद शिजवायच्या कामावर आहे, दुसऱ्या गावी. पंधरा दिवसांनी शनिवारी घरी येतो, आता पुढच्या. "त्यांना माझा आवाज लगेच कळंल ताई. अन् ते वाईट माणूस न्हाईत. त्या दिशी मला काय माहीत होतं ते कसे हायेत? मी नुसता फोटो बघितला होता."

शेवटी म्हणाली, "मला पूर्ण ऐकू द्या. मग सांगते ठेवायचं का काढायचं."

काढायचं म्हणजे कसं, ते सम्यकानं सांगितलं नाही. मीही नाही.

७ फेब्रु.

जवळा बाजारचा आठवडी बाजार. कविता सासूबरोबर येणार होती. सम्यका, अर्जुन आणि मी एसटीनं. मला का नेलं? सम्यका म्हणाली, "तुमी असलात की लोक आवाज चढवत न्हाईत." तीस वर्षांच्या नोकरीची कमाई ती.

सासू कांद्याच्या ढिगाशी घासाघीस करत बसली. कविता कापडवाल्याच्या ताडपत्रीमागं आली. बारीक चणीची, कडेवर वर्षाची मुलगी. मुलीला सम्यकानं घेतलं. अर्जुननं इयरफोन पुढं केला, तिच्याकडं न बघता.

तिनं उभ्याउभ्या ऐकलं. बाजारचा गोंधळ, कोणी 'दहाला पाव, दहाला पाव' ओरडत होतं. तिचे ओठ हलत होते, स्वतःबरोबर. मधे एकदा हसली, कशावर कोण जाणे. अर्जुनचा भाग आला असावा, तेव्हा डोळे वर करून त्याच्याकडं बघत राहिली. तो चपलेनं माती उकरत होता.

इयरफोन काढून म्हणाली :

"आता बोलतोस व्हय रं."

"व्हय."

"तवा काय झालतं?"

 तिनं त्याच्या पाठीत एक गुद्दा घातला, लहानपणी घालत असेल तसा. दोघंही रडायला लागली आणि लगेच थांबली, कारण सासूनं हाक मारली.

मग घाईघाईनं बोलली. गाणं ठेवा. माझं बोलणं खरं होतं त्या दिवसाचं, ते मी खोटं करणार नाही. पण त्यांना, म्हणजे दिलीपला, मी सांगणार, माझ्या तोंडानं, ट्रॅक्टरनं सांगायच्या आधी. शनिवारी. ते ठेवा म्हणाले तर माझं नाव पण सांगा लोकांना, सगळीकडं, कविता राठोड म्हणून, माहेरचं. नको म्हणाले तर…

"तर?" सम्यकानं विचारलं.

"तर मला पण कळंल की ते कसे हायेत."

माझ्याकडं वळून : "काका, पेपरात देऊ नका."

म्हणालो, नाही देणार.

"आत्ता नका देऊ म्हणलं मी. कधीच न्हाई असं कुठं म्हणलं?"

परतीची एसटी. मला उभं राहावं लागलं, गर्दी होती.

९ फेब्रु.

कविताचं म्हणणं अर्जुनमार्फत आलं. शनिवारी संध्याकाळी अर्जुननं स्वतःचा ट्रॅक्टर तांड्यासमोर आणायचा आणि सात नंबर पूर्ण वाजवायचं, थांबून. तोपर्यंत तिनं दिलीपला सांगितलेलं असेल. ऐकायचंच तर त्यानं तिथं सगळ्यांसमोर ऐकावं, चोरून नको.

शोभाला पटलं नाही. "पोरीनं घरात सांगावं, निवांत. चव्हाट्यावर कशाला?" सम्यका म्हणाली, "आई, घरात सांगितलं तर घरातच राहील ना."

मी दोघींच्या मधे. दोघी बरोबर.

१० फेब्रु.

सम्यका झोपलेली नाही. सकाळी अंगणात फेऱ्या मारत होती. म्हणाली, "पप्पा, तो चिडला तर? तिला हात लावला तर? आमच्या गाण्यापायी?"

मी म्हणालो, तिला विचारलं, तिनं ठरवलं. आता तिच्या ठरवण्यावर तुझी भीती घालू नकोस. बोललो खरा. पण दुपारी याडीला फोन करून सांगितलं, शनिवारी तुम्हीही तिथं असा. ती म्हणाली, "मी कालच ठरीवलंय."

शनिवार

पहाटे कामाला बसलो, दुपारी निघून जाता यावं म्हणून. निघालो नाहीच. नगरपालिकेची बातमी आयत्या वेळी बदलली, सगळं पान नव्यानं लावावं लागलं. सम्यका म्हणाली, "तुमी नका येऊ. आवाज चढला तर चढू द्या." ती ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून गेली. ट्रॉली रिकामी, मला चौकापर्यंत खडखड ऐकू येत होती.

पानाच्या ऐन वेळेला फोन वाजला. सम्यका. पहिल्यांदाच असं झालं की मी पान सोडून फोन घेतला.

"पप्पा, ऐकू येतंय का?"

मागं कविताचा आवाज, ट्रॅक्टरच्या बॉक्सवरून, मोठा. सम्यका ओरडून सांगत होती : तिनं त्याला दुपारीच सांगितलंय. सगळं, त्याच्या ओळीसकट. तेव्हापासून तो एक शब्द बोलला नाही. आता दोघं रस्त्यावर आलेत. सासू आहे, याडी आहे, तांडा सगळा गोळा झालाय. दिलीप ट्रॅक्टरच्या चाकाशी उभा आहे, मान खाली. 'नववी नापास' आता येईल.

ती ओळ मला आता पाठ आहे, शब्द न कळता. आली. गेली. माझा हात माउसवर, स्क्रीनवर अर्धं पान.

मग एका पुरुषाचा आवाज. गोरमाटीत. थोडंसंच बोलला. चढलेला नव्हता, एवढंच कळलं.

"काय म्हणाला? सम्यका?"

"मला न्हाई कळलं पप्पा. अर्जुन, काय म्हणले ते? अर्जुन!"

गाणं मधेच बंद झालं. नुसतं इंजिन. कुणीतरी केबिनमध्ये चढल्यासारखा पत्रा वाजला.

थोड्या वेळानं ते पुन्हा सुरू झालं, अगदी पहिल्यापासून. कविताचा पहिला श्वास. कोणी लावलं, विचारलं; "दिलीप…" एवढं सम्यका म्हणाली आणि फोन कट झाला. पुन्हा लावला, लागत नाही. तिकडं रेंज अशीच.

पान उशिरा गेलं.